बारा नंबरचं झाड

"झाडं मोजायला चाललीस ना, मग झाडंच मोज. नदीवरच्या माणसात गुंतलीस, तर पाणी चढलं की तुझाच जीव टांगणीला लागेल," मावशीने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आज सकाळपासून पाणी चढतंय, तो खालच्या काठावरची रोपं हलवायला गेलाय, आणि मी आठ महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी आहे.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. नदीकाठच्या उद्यानातल्या जुन्या झाडांची यादी करायची होती. पहिल्याच दिवशी वाळुंजाच्या झुकलेल्या फांद्या बाजूला सारल्या, तर पलीकडे हा — उद्यानाचा माळी. वय सव्वीस, तरी सगळे म्हणत माळीबुवा. जुन्या पुरांच्या खुणा काठावरच्या भिंतीच्या दगडात कोरल्या होत्या, त्या तो ओल्या फडक्याने पुसत होता. सगळ्यात वरची खूण माझ्या डोक्याच्याही वर होती.

"हळू... खंड्या बसलाय," तो कुजबुजला. खंड्या केव्हाच उडून गेला. आम्ही मात्र बराच वेळ तसंच कुजबुजत राहिलो.

प्रत्येक झाडाला त्याने पत्र्याचा नंबर दोरीने बांधला होता. काम सात दिवसांचं. पण माझी यादी काही जुळेना.

"बारा नंबरचं झाड काल जुन्या पुलापाशी होतं!"

"पाय मोकळे करायला आलं असेल इकडे..."

"मला वेड्यात काढताय?"

"माझी काय बिशाद!" म्हणाला, पण कान लाल झाले होते.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याला पकडलंच — हातात बारा नंबरचा पत्रा, दातांत दोरी.

"सर माझी यादी फेकून देतील, कळतंय का?"

दातांतली दोरी काढायला त्याने फारच वेळ लावला. "यादी पूर्ण झाली की तुम्ही येणार नाही... मला तेवढंच कळत होतं."

नदीवरून वारा आला. वाळुंजाची बारीक पानं दोघांच्याही केसांत... मी पत्रा काढून घेतला. "खरी यादी आज पूर्ण करून द्या. मी उद्याही येईन."

उद्या, परवा... अशी चार वर्षं झाली.

"तासाभरात येतो गं," म्हणाला होता. दोन तास उलटले. पाण्याजवळ तो फोन नेत नाही, आणि लेक तापलीय, मला हलता येत नाही. हे वाचताना तुम्ही त्या बाजूला असाल, तर उद्यानाच्या खालच्या पायऱ्यांपाशी जरा डोकावा ना. पिवळा रेनकोट आहे अंगात. हाक मारलीत, की तो आधी हातातलं रोप वर करेल. ते घेऊ नका... आधी त्याचा हात धरा.