कच्चा जोड

मी वजनकाटे तपासते. एकवीस वर्षं झाली. कुठल्या दुकानाचा काटा दोन ग्रॅम इकडेतिकडे झाला की तो माझ्या टेबलावर येतो आणि मी पितळी वजनं चिमट्यानं उचलून त्याचं खरंखोटं करते. काटा काय दाखवतो ते लिहायचं, का दाखवतो यावर डोकं चालवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पुढचंही त्याच नियमानं लिहिते आहे.

दादाला मेंदूचा झटका आला त्याला दहा महिने झाले होते. तीस वर्षं गिटार वाजवून पोट भरलेला माणूस. डावी बाजू गेली, वाचा गेली, आणि तो आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर खिडकीकडे तोंड करून राहिला. डॉक्टर म्हणाले होते, जे परत यायचं ते वर्षभरात येतं, पुढं फारशी आशा धरू नका. म्हणजे दोन महिने उरले होते.

त्या सुमारास मला त्याच्या कपाटात एक बिस्किटांचा डबा सापडला. आत अर्धवट जोडलेलं पेडल होतं. गिटार आणि ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, यांच्या मध्ये पायाशी ठेवायची ही डबी. बटण पायानं दाबलं की आवाज बदलतो. एखादी आवाज लांबवते, एखादी घोगरा करते. दादा स्वतःसाठी एक बनवत होता. सोबत त्याच्या हातची आकृती होती. तिच्यात आवाज बाहेर पडण्याची रेघ कागदाच्या कडेपर्यंत येऊन तशीच संपली होती. दादाला कागद नेहमीच कमी पडायचा, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

हे पुरं करून त्याच्या कानाशी वाजवलं तर आत काही हलेल, असं माझ्या मनानं घेतलं. पी हळद आणि हो गोरी, हे मलाही कळत होतं. पण नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं.

वहिनीचं दुःख निराळं होतं. गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या चार बोटांना तारांचे घट्टे पडतात. दादाचे दहा महिन्यांत झडून गेले होते. वहिनी त्याचा हात हातात घेऊन बसायची.

"झोपेतसुद्धा या खरखरीवरून ओळखायचे गं मी," ती म्हणायची. "आता कुणा पाहुण्याचा हात धरल्यासारखं वाटतं."

मला शिकवायला आमच्या कोपऱ्यावरचे रेडिओ दुरुस्त करणारे काका तयार झाले. पहिल्याच दिवशी मी सोल्डरिंगची, म्हणजे डाख द्यायची, तापलेली सळई नको तिथं धरली.

"एकदा भाजलं की आयुष्यात विसरत नाही, ताई," काका म्हणाले आणि माझ्या बोटावर पाणी ओतलं. "आता ऐका. सोल्डरचा जोड चकचकीत दिसला तर पक्का. राखेसारखा दिसला तर कच्चा. वरून धरल्यासारखा वाटतो, पण आतून धरलेलं नसतं."

पहिल्या खेपेला मी ट्रान्झिस्टर उलटा बसवला आणि बॅटरी बटाट्यासारखी गरम झाली. दुसऱ्या खेपेला दोन वायरींची अदलाबदल केली. तिसऱ्या खेपेला सगळं आकृतीबरहुकूम होतं. बटण दाबलं, तार छेडली, आवाज शून्य.

काकांनी मला एक लांब वायर करून दिली. तिचं एक टोक ॲम्पला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला एक छोटा कपॅसिटर आणि टोकदार खिळा. ते तिला कान म्हणत.

"आवाज एका बाजूनं शिरतो, दुसऱ्या बाजूनं निघतो," ते म्हणाले. "मध्ये एकेका भागाला हा कान लावत जायचा. जिथं आवाज मरतो, तिथंच रोग."

रविवारी सकाळी मी आणि वहिनी हॉलमध्ये बसलो. वहिनीला गिटार येत नाही, मलाही येत नाही. तिनं जाड तार एकसारखी छेडत राहायचं, मी शोधायचं, असं ठरलं. पहिल्या जोडाला आवाज होता. कपॅसिटरला होता. ट्रान्झिस्टरच्या पुढं तो मोठा आणि घोगरा झाला, सर्दी झालेल्या माणसासारखा. शेवटच्या जोडाच्या अलीकडे तो होता. पलीकडे नव्हता.

मी तो जोड वितळवून पुन्हा केला. वितळलेला असेपर्यंत चकचकीत असायचा, आणि थंड होता होता डोळ्यांदेखत राखेसारखा व्हायचा. चार वेळा केला. चारही वेळा तेच.

कंटाळून कान खाली ठेवला, तेव्हा त्याचं टोक टेबलाच्या लोखंडी पायाला लागलं. ॲम्पमधून तार ऐकू आली.

मी वही घेतली. आवाजाला दहापैकी आकडे द्यायचे ठरवले. टेबलाचा पाय, दोन. खिडकीचा गज, तीन. स्वयंपाकघरातला नळ, शून्य. आतल्या खोलीच्या दाराची कडी, पाच. दादाच्या पलंगाची कड, आठ. वायर जेमतेम पुरली. वहिनी हॉलमधून इमानेइतबारे तीच तार छेडत होती.

मग मी टोक दादाच्या डाव्या करंगळीला लावलं.

एका तारेचा आवाज नव्हता तो. सहाही तारा होत्या. चाल होती, संथ, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून धरलेली, रियाझात माणूस धरतो तशी.

"वहिनी, थांब जरा."

"मी केव्हाची थांबलेय," ती हॉलमधून म्हणाली. "मला वाटलं तू काहीतरी लावलंस."

दादाची बोटं चादरीवर निपचित पडली होती.

काकांनी बजावलं होतं, काम झालं की गिटारची वायर पेडलमधून उपसायची, नाहीतर बॅटरी फुकट संपते. मी उपसली नाही. रोज कामावर जाण्याआधी दादाच्या बोटाला कान लावायचा आणि आकडा लिहायचा. आकडा दहाच असायचा. चौथ्या दिवशी वहिनीनं मला हाक मारून त्याचा हात दाखवला. बोटांची टोकं टणक झाली होती. नवव्या दिवशी त्यांवर तारांचे वळ होते, लाल, ताजे. दहा महिने न हललेल्या हातावर.

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या मुठीत आपलं बोट ठेवून दाबायला सांगितलं. त्यानं दाबलं. त्यांनी कागदावर सुधारणा आहे असं लिहिलं आणि वहिनी रडली. मीही रडले. दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन वहिनीचा हात धरला. हातात घेतलेली वस्तू बिघडलेलीच राहावी असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पेडलवर मी एक फडकं टाकून ठेवलं.

काकांना मात्र मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? ती माझी चूक.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना जिन्यातच गिटार ऐकू आली. तीच चाल. भरदार, घोगरी, कडेला किंचित फाटलेली. इतकी सुंदर की मी पायरीवरच क्षणभर थांबले, आणि मग धावत सुटले.

हॉलमध्ये काका बसले होते. शिकवणी कुठवर आली ते बघायला सहज आले होते. वहिनी चहा करायला आत गेली आणि त्यांना फडक्याखालचं पेडल दिसलं.

"शेवटचा जोड कच्चा होता, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "तेवढा पक्का केला. तारेला मी हात लावलेला नाही."

गिटार कोपऱ्यात उभी होती. तिच्या तारा थरथरत होत्या. काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.

मी आत गेले. दादा खिडकीकडे बघत होता. त्याचा हात उचलला. बोटं मऊ होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. माझं बोट त्याच्या मुठीत ठेवलं. मूठ वळली नाही. कान लावला. शून्य.

धावत येऊन मी तो जोड वितळवून तोडला.

चाल मध्येच थांबली.

पुन्हा कान घेतला. टेबल, शून्य. गज, शून्य. कडी, शून्य. पलंग, शून्य. दादा, शून्य. जोड परत लावला, चकचकीत बसला. तार छेडली. टण्. एक तार, बाकी काही नाही.

"बिघडलं का गं?" वहिनीनं विचारलं.

"बॅटरी संपली," मी म्हणाले. त्या घरात मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

नंतर रोज आकडे घेतले. सगळे शून्य. गेल्या आठवड्यात वर्ष भरलं. डॉक्टर दादाला तपासून गेले, आणि आता आहे हे असंच, म्हणाले.

आज ऑफिसात एक वजन चिमट्यातून निसटलं. ते मी घाईनं डाव्या हातानं उचललं. पितळ सकाळी बर्फासारखं गार असतं. मला ते गार लागलं नाही. चार बोटांना काहीच लागलं नाही, अंगठ्याला तेवढं लागलं.

गिटारला हात लावून मला महिना होत आला होता.

घरी आले. वहिनीनं चहाचा कप पुढं केला आणि तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिनं कप खाली ठेवला. माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं एकेक खरखरीत टोक चाचपत गेली, चारही. मग तिनं डोळे मिटले.

"किती दिवसांनी," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला नाही. आतल्या खोलीत दादा खोकला. तिनं मान वळवली नाही.