भारंगीची भाजी

"माज्या आईनंच विष घातलं, मॅडम. तुमी फकस्त कबूल करून घ्या," कैलास दारातच म्हणाला.

त्याची बायको समीक्षा उलट्यांनी अर्धमेली होऊन तळेगावच्या दवाखान्यात पडली होती. विष कोणतं, हे डॉक्टरांना उमगत नव्हतं. म्हणून लोणावळ्याच्या खासगी गुप्तहेर माधवी बेडसे गावात कैलासच्या घरी आल्या होत्या, मागोमाग त्यांचे मदतनीस हौशीराम. सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, हे ऐकताच हौशीरामांनी मनातल्या मनात निकालही लावून टाकला.

कैलासच्या आई सरुबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "भारंगीच्या फुलांची भाजी केलती. उकडून कडू पानी टाकलं. तिघांनीबी एकाच पातेल्यातली खाल्ली."

"आणखी काही दिलंत?"

"खोकल्यावर भारंगीची मुळी दिली मी," कैलास मध्येच म्हणाला. "सोता उपटून आनली, सोता उगाळली. आई शेजारी गेलती."

माधवींनी कोनाड्यातली सहाण उचलली. तिच्यावर पांढुरका थर वाळला होता. "ही धूत नाही तुम्ही?"

"औषदाची सहान धुवायची न्हाई, गुन जातो," सरुबाई म्हणाल्या. "सासूबाईंची शिकवन."

शेजारच्या अंगणात शालूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांचा वेल होता, बुडाशी माती ताजी उकरलेली. हौशीरामांना ते फूल फार आवडलं.

"लेक बाळंतपनात अडलीती," शालूबाई म्हणाल्या. "सरुबाईनं ह्या कळलावीचा कंद घरून उगाळून आनला, तळव्यांना लावला. लय यश हाय बाईच्या हाताला!"

माधवींनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. परतल्या त्या सरुबाईंच्या ओट्यावर सहाण समोर ठेवून बसल्या.

"भाजी तिघांनी खाल्ली, म्हणजे भाजीत काही नव्हतं. मुळीही भारंगीचीच होती, उरलेला तुकडा पाहिला मी. उरली सहाण. कळलावी अंगाला लावतात, पण पोटात गेली की जहर. त्याच न धुतलेल्या थरावर खोकल्याची मुळी उगाळली गेली."

"मग उतारा?" हौशीरामांनी घाईनं विचारलं.

"नाही. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावायचं आणि वाट बघायची."

सरुबाईंनी माधवींचे हात धरले. "मीच घातलं म्हना, ताई. जेलात जाते मी. पन पोराला ह्ये सांगू नगा."

कैलास दारातच उभा होता, हातात दवाखान्यात न्यायची पिशवी.

"लय कडू लागतंय म्हनत व्हती," तो म्हणाला. "मी मध वाढवून पाजलं."