महानंदाचा राहिलेला घास

जळकोटहून हैदराबादला जाणं अवघड नाही. महामार्ग गावातूनच जातो, एसटीला हात केला की झालं. पण उत्तरेश्वरतात्यांनी बायकोला "औंदा नेतो, पुढच्या वर्षी नेतो" करत तीस वर्षं काढली, आणि निघाले ते महानंदा जाऊन वर्ष झाल्यावर, एकटे. माणसाला शहाणपण सुचतं तेही वरात निघून गेल्यावर.

निघण्याला कारण होतं दहाव्या दिवसाचं. त्या दिवशी महानंदाच्या पिंडाला कावळा शिवेना. सकाळपासून घरातलं कुणी जेवलं नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय घास कसा उतरणार? कावळा समोरच बाभळीवर बसला होता, तात्यांकडे टक लावून. लेकाने सगळं सांभाळायचा शब्द दिला, सुनेने दिला. शेवटी तात्या हात जोडून म्हणाले, "तुला हैदराबाद दाखवतो गं." कावळा हलला नाही. उन्हं कलली तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. तेव्हापासून तात्यांच्या मनात एकच सल होता... ती अडकली आहे.

पुतण्या कुलदीप हैदराबादेत रात्रीच्या खाऊगल्ल्या फिरवायचा. हातात छोटा झेंडा, मागे दहाबारा पाहुणे, आणि एकेका ठेल्यावर थांबत मध्यरात्रीपर्यंत खाणं. त्या रात्री रांगेत सगळ्यात शेवटी तात्या होते. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आज आधी तिला, मग मला.

पहिला ठेला डोशाचा. तव्यावर लोणी चरचरलं, धूर दिव्याभोवती फिरला. ठेलेवाल्याने तात्यांच्या हातात दोन प्लेटा दिल्या.

"एकच पायजे. म्या एकटाच हाय."

"वो अम्मा खडे हैं ना, पीछे," तो म्हणाला आणि पुढच्या डोशाकडे वळला.

तात्यांनी मागे पाहिलं. बंद दुकानांची शटरं होती, बाकी काही नाही. दोन्ही प्लेटा पायरीवर ठेवून ते हात जोडून उभे राहिले. डोसा गार झाला, लोणी थिजलं. कुणी हात लावला नाही.

पुढच्या गल्लीत दगडी फरशी लागली आणि मागून आवाज आला. टक्... टक्... जोडव्यांचा. महानंदा जन्मभर अशीच मागून चालली. तात्या तिच्यासाठी थांबले की म्हणायची, "व्हा पुढं, येते मी मागनं." ती जोडवी तिच्याबरोबरच चितेवर गेली होती.

मिरची भजी झाली, जिलेबी झाली. तात्या प्रत्येक ठिकाणी प्लेट खाली ठेवत आणि वाट बघत. शेवटी कुलदीप जवळ आला.

"तात्या, तुमी सकाळपासनं कायच खाल्लं न्हाय."

"आधी तिला खाऊ दे."

कुलदीपने घाईने मागे पाहिलं आणि झेंडा उचलून तो पुढे निघाला.

शेवटचा थांबा एका बोळाच्या तोंडाशी होता. तिथे उमरग्याकडची नागूबाई चूल मांडून ज्वारीच्या भाकरी थापत होती. जळत्या लाकडाचा वास आला आणि तात्यांना घर आठवलं. नागूबाईने मान वर केली, त्यांच्या खांद्यामागे पाहिलं.

"बाई लई भुकेल्या दिसत्यात."

"वरीस झालं वाढतोय," तात्या म्हणाले. "घेत न्हाय ती..."

"तुमी जेवलाव?"

"न्हाय."

"मग ती कशी जेवंल? तुमच्या आधी कवा जेवली का ती?"

तात्या चुलीपुढे बसले. तीस वर्षं ती त्यांच्या मागून जेवली, त्यांच्याच उष्ट्या ताटात. आणि दहाव्याला सगळं घर उपाशी बसून तिला म्हणत होतं, आधी तू घे. बाभळीवरून ती त्यांच्या जेवणाची वाट बघत होती. त्यानंतरही दर अमावास्येला त्यांनी पान वाढलं ते उपास धरूनच. वर्षभर आपणच तिला उपाशी ठेवलं, या विचाराने त्यांना रडू कोसळलं.

रडत रडतच त्यांनी नागूबाईने वाढलेल्या भाकरीतली अर्धी ठेच्याशी खाल्ली. मग घरी सरकवायचे तशी ताटली न बघता मागे सरकवली. मागे बांगड्या किणकिणल्या. कोरडी भाकरी मोडल्याचा आवाज आला... सावकाश चावल्याचा... मग ताटलीत पाणी ओतल्याचा.

त्यांनी वळून पाहिलं. ताटली निपटलेली होती आणि तिच्यात हात धुतलेलं पाणी हलत होतं. वर विजेच्या तारेवर, भर मध्यरात्री, कावळा एकदाच ओरडला.

मग जोडवी वाजली. या खेपेला पुढून, बोळाच्या आत.

"सुटलीस गं बाई," तात्या गहिवरून म्हणाले, आणि जन्मभर तिच्याकडून ऐकलेले शब्द त्यांच्या तोंडातून गेले. "हो पुढं. येतो म्या मागनं."

नागूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"गेलेल्या मानसाला असं म्हनू नये ओ..."

कुलदीपने मोबाईलचा उजेड बोळात टाकला. वीसेक पावलांवर भिंत होती, दार ना खिडकी. जोडव्यांचा आवाज त्या भिंतीपर्यंत गेला, भिंतीपलीकडे गेला आणि तिथे थांबला. तात्या रस्त्यात तिच्यासाठी थांबायचे, तसा.