मोडक्या खांबाजवळचे सात खड्डे

बादली आणलीत, दाताळी आणलीत, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आणल्यात. आणि त्या पिशवीत काय? थर्मास. अरे भाच्या, शिंपल्या काढायला चाललाय की सहलीला? असू दे, हसू नकोस पोरी, खाडीवर थंडी असते, चहा लागतोच. पण जरा दोघंही बसा. नवरा-बायको पहिल्यांदाच निघालाय, त्यातून उद्याची ओहोटी रात्रीची. मामाचं एवढं ऐकून घ्या, मग कुठे जायचं तिथे जा.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या दुकानाला लागूनच बसायचा. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्याचं चष्म्यांचं. मधे फळ्यांची भिंत. तो शिंकला की माझ्या चिमट्यातला स्क्रू उडायचा आणि मी इकडून शिव्या घालायचो. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचे. गडी हौशी, पण आळशी. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रोज चालायला सांगितलं, तर हा मला म्हणतो, "उगाच चालायचं म्हणजे वेड्यासारखं वाटतं रे. काहीतरी काम दे." मी म्हटलं, "खाडीवर शिंपल्या काढ. चालणंही होईल, वाकणंही होईल, आणि घरी रिकाम्या हाताने यायला नको."

माझे गुडघे तेव्हाच गेले होते, नाहीतर मीच गेलो असतो त्याच्याबरोबर. मग दुकानात बसूनच सगळं शिकवलं. तुम्हीही ऐका, म्हणजे दोन कामं होतील. आधी मासेमारीच्या ऑफिसात फोन करून खाडी खुली आहे ना ते विचारायचं. कधीकधी पाणी खराब असतं आणि शिंपलीत विष उतरतं. परवाना लागत असेल तर तोही तिथूनच घ्यायचा. भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा. पाणी सगळ्यात खाली जाईल त्याच्या तासभर आधी पोचायचं, आणि पाणी फिरलं की हातातलं टाकून निघायचं. चिखलात शर्टाच्या काजाएवढं छिद्र दिसलं की शेजारी पाय आपटायचा. पाण्याची चिळकांडी उडाली म्हणजे खाली शिंपली आहे. बारकी निघाली तर परत ठेवायची. घरी आणलेल्या रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवायच्या, पोटातली रेती टाकून देतात. काय म्हणालास? एकट्याने जायचं का? नाही जायचं. तेही मी त्याला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही.

सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून. खणलेला खड्डा बुजवायचा असतो.

ते राहिलं, कारण ते कोणी कोणाला सांगतच नाही. आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून खणतोय, हात आपोआप माती मागे ओढतो. आता मोठ्या माणसाला जेवून झाल्यावर तोंड पूस म्हणून आपण सांगतो का? तसं झालं ते.

सहा वर्षं झाली. नोव्हेंबर महिना, गुरुवार, रात्री नऊ वाजून अठरा मिनिटांची ओहोटी. लख्ख चांदणं. चष्मेवाला फावडं घेऊन गेला आणि खाडीत आत एक मोडका खांब आहे, त्याच्याजवळ खणत बसला. तिथे मोठे शिंपले असतात, पण खोल. पठ्ठ्याने मांडीएवढे खोल सात खड्डे केले. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्यासमोर बादली आणून आपटली. म्हणाला, "बघ, पहिल्याच रात्री अर्धी बादली." मीही शाबासकी दिली. खड्ड्यांचं विचारायचं मला सुचलं नाही.

आता अशा उघड्या खड्ड्याचं काय होतं ते नीट समजून घ्या. भरती येते आणि त्यात पातळ गाळ भरून जाते. वरून सगळं सपाट. दिवसाउजेडीही कळत नाही. पाय पडला की मांडीपर्यंत आत, आणि जितका ओढाल तितका तो चिखल आवळत जातो.

त्याच शुक्रवारी रात्री शिंपलेवाली आजी खाडीत उतरली. चाळीस वर्षं त्या चिखलात वावरलेली बाई. बाजारात जिन्याखाली बसायची, तिच्याकडच्या शिंपलीत कधी रेतीचा कण लागला नाही कोणाच्या दाताला. ती परत आली नाही. शनिवारी सकाळी धक्क्याच्या खांबांपाशी सापडली. तिचं दाताळं तेवढं मोडक्या खांबाजवळ चिखलात उभं होतं.

इतकी जाणती बाई बुडेल कशी? लोकांनी आपापसात ठरवून टाकलं. बुधवारी सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. म्हणे म्हातारीने दाताळं रोवलं आणि सुनेच्या जाचापायी आपल्या पायांनी पाण्यात चालत गेली. झालं. सुनेकडून कोणी शिंपली घेईना. नवरा तिच्याशी बोलेना. शेवटी त्याने तिला सांगितलं, महिना संपायच्या आत माहेरी निघून जा, मुलगी इथेच राहील.

आजी बुडाल्याचं चष्मेवाल्याला दुकानात गिऱ्हाइकाकडून कळलं. दाताळं कुठे सापडलं, तेही. तो उठून माझ्याकडे आला. काउंटरला धरून उभा राहिला.

"ते खड्डे... बुजवायचे असतात का रे?"

मी चिमटा खाली ठेवला. त्याच्याकडे बघवेना. म्हटलं, "हो."

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. पोलीस, कोर्ट, लोक काय म्हणतील. दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं. आठवड्याने तीच सून त्याच्या दुकानात आली. मुलीच्या चष्म्याची काडी तुटली होती. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो. ती म्हणाली, "दादा, तुम्हीही खाडीवर जाता ना? तिथे कुठे चिखल खचलाय का हो? आई अशा जाणाऱ्या नव्हत्या. भांडायच्या, आणि मग मलाच चहा करून द्यायच्या."

चष्मेवाला म्हणाला, "मला काही माहीत नाही, ताई."

त्यानंतर तो जेवेनासा झाला. आजी गेली त्याला चौदा दिवस झाले, पुन्हा शुक्रवार. अमावास्या, ओहोटी नऊ एकतीसची. संध्याकाळी माझ्याकडे लांब काठी मागायला आला. "निदान खड्डे तरी बुजवून येतो. आणखी कोणी पडायला नको." मी काठी दिली. बरोबर गेलो नाही. गुडघे दुखत होते म्हणून नाही.

पुढचं त्याने मला त्याच रात्री सांगितलं, इथे, या पायरीवर बसून.

साडेआठला तो चिखलात उतरला. वारा अजिबात नव्हता. मागे किनाऱ्यावरचा एक दिवा, पुढे बॅटरीचा उजेड. गमबुटांचे ठसे खोल उमटत होते. परत येताना तेच धरून यायचं, असं त्याने ठरवलं होतं. मोडका खांब सापडेपर्यंत धुकं उतरलं. मागचा दिवा गेला.

काठी खुपसत खुपसत त्याने पहिल्या खड्ड्याची जागा शोधली. काठी आत जाईना. जागा घट्ट. दुसरी पाहिली. घट्ट. तिसऱ्या जागी तो खाली वाकला आणि बॅटरी जवळ नेली. गाळ ओढून सारखा केलेला होता, आणि वरून तळहाताने थोपटलेला. पाचही बोटं दिसत होती. चौदा दिवसांत सत्तावीस भरत्या येऊन गेल्या होत्या त्यावरून. आणि बोटं ताजी होती.

चौथा. पाचवा. सहावा. सगळे भरलेले.

सातवा सापडेना.

तेवढ्यात मागे आवाज आला.

थप... थप.

त्याने बॅटरी फिरवली. कोणी नाही. पण काहीतरी चुकत होतं, आधी त्याला कळेना काय. मग कळलं. खांबापासून इथवर त्याचे ठसे होते. खांबाच्या पलीकडे, जिकडून तो आला होता तिकडे, एकही नव्हता. सगळं सारखं केलेलं.

तो चार पावलं चालला. थांबला.

थप... थप.

आता खांबापासूनचेही नव्हते.

दहा ठसे उरले. मग सहा. करणारं कोणी दिसत नव्हतं. गाळ सरकायचा. आवाज यायचा. ठसा जायचा.

मग तीन...

त्याने घड्याळ बघितलं. नऊ चव्वेचाळीस. म्हणजे पाणी फिरलं होतं. ते ऐकूही येत होतं. चिखलावरून बारीक सळसळत... कुठून, ते कळत नव्हतं.

तो पळाला. कुठल्या दिशेने, त्यालाच माहीत नाही.

आणि उजवा पाय गेला. मांडीपर्यंत.

सातवा.

ओढला. येईना. काठी हातातून सुटली. पाणी आलं. आधी टेकलेल्या हातांना लागलं. मग कोपरांना...

आणि मांडीभोवतीचा गाळ हलायला लागला. वरून. कोणीतरी तो ओढत होतं. खड्ड्यात. त्याच्याभोवती. अगदी सावकाश.

थप... थप.

खड्डा बुजवत होतं. त्याच्यासकट.

मला म्हणाला, मी ओरडलोसुद्धा नाही. कोणाला हाक मारणार होतो...

थप.

"आजी..."

थप... थप.

"आजी, खड्डा माझा आहे."

...

"मी सांगतो. आत्ता जाऊन सांगतो. तुमच्या सुनेला."

मग काहीच नाही. आवाज नाही. पाणी कमरेला लागलं. किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. मग अडकलेल्या पायाच्या तळव्याखाली काहीतरी टणक आलं. खालून... वर रेटणारं.

पाय सुटला. बूट आत राहिला.

समोरचं धुकं विरळ झालं होतं. दिवा दिसला. तो छातीएवढ्या पाण्यातून त्या दिव्याकडे गेला आणि तसाच, एका बुटावर, चिखलाने भरलेला, सुनेच्या दारात उभा राहिला. अकरा वीस झाले होते. आजीच्या मुलाने दार उघडलं. आत भिंतीशी सुनेची बॅग भरून ठेवलेली. सकाळच्या गाडीने जायची होती ती. मुलगी बॅगेवर डोकं ठेवून झोपली होती.

चष्मेवाल्याने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. मुलगा मटकन खाली बसला. मग आईच्या नावाने रडला, आणि बायकोचे पाय धरले त्याने. ती रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "दादा, तुम्हाला खणायला शिकवलं कोणी?"

तो म्हणाला, "कोणी नाही. माझं मीच शिकलो."

बारा दहाला तो स्कूटर घेऊन इथे आला. पायरीवर बसला आणि म्हणाला, तुझं नाव घेतलं नाही. मी काय म्हटलं असेन? "बरं केलंस," म्हटलं. अजून स्वतःची लाज वाटते मला. पुढे पोलिसांकडेही तो एकटाच गेला, चौकीच्या खेपाही एकट्यानेच घातल्या. तिथेही माझं नाव नाही. गेल्या पावसाळ्यात वारला. आता हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

पोरी, काय विचारतेयस? मोठ्याने विचार.

"मामा, तुम्ही तिला सांगितलंत का नंतर?"

नाही. सहा वर्षांत नाही. सगळी बाजारहाट दुसऱ्या दारानेच केली. ती अजून तिथेच बसते, जिन्याखाली, सासूच्या जागेवर. उद्या तुमच्याबरोबर मीही येतो. खाडीवर नंतर. आधी बाजारात. मला तिला सांगायचं आहे, शिकवणारा कोण होता ते.

नाही रे, रडत नाहीये मी. बस खाली.

आता शेवटचं. त्या रात्री चष्मेवाला घरी गेला, मी दार लावून झोपलो. सकाळी सातला अंगणात आलो. आदल्या दिवशी प्लंबरने पाण्याच्या मीटरसाठी फाटकापाशी गुडघाभर खड्डा खणून ठेवला होता. तो भरलेला होता. काठोकाठ, सारखा केलेला. राखाडी गाळ, खारट वासाचा. खाडी इथून अकरा किलोमीटर आहे.

मीटर मी दुसरीकडे बसवून घेतलं. त्या जागेला हात लावला नाही. मधे सहा उन्हाळे गेले, एका वर्षी तर विहिरी आटल्या.

जा आता, उशीर झाला. फाटकातून निघताना डाव्या अंगाने जा. उजवीकडचा गाळ अजून ओला आहे.