उजवा पंखा

गाडीने मान टाकली ती नेमकी पंख्यांच्या दुकानासमोर. सिग्नल लाल, मागे बसचा हॉर्न, डोक्यावर ऊन, आणि ठमीच्या लाल दोन-सीटरच्या बॉनेटमधून वाफेचा असा लोट उठला की रस्ता ओलांडणारे लोक अर्ध्यावर थबकले. ठमीने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तिला हे नवीन नव्हतं. अर्धा तास थांबायचं, मग पाणी ओतायचं, मग घरी जायचं.

दुकानातून एक तरुण बादली घेऊन धावत आला. बाह्या सरसावलेल्या, कानामागे स्क्रूड्रायव्हर. तो रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच ठमीने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मग काय करायचं?"

"थांबायचं."

थांबणं त्याच्या स्वभावात नसावं. तो आत गेला आणि लांबलचक वायर सोडत टेबलफॅन घेऊन आला. स्टुलावर ठेवून त्याने तो गाडीच्या नाकासमोर फुल स्पीडला लावला. बघ्यांमध्ये हशा पिकला. ठमीलाही हसू आवरेना. पण दहा मिनिटांनी तिने किल्ली फिरवून पाहिलं तर डॅशबोर्डवरचा काटा चांगलाच उतरला होता. मग मात्र तिचं हसू थांबलं.

"असे दोन पंखे गाडीतच बसवता येतील?"

"टेबलफॅन?"

"बॅटरीवर चालणारे छोटे मिळतात हो. इंजिनाला स्वतःचा पंखा आहे, पण गाडी रखडली की तोही मंदावतो. त्याच्या जोडीला कुणीतरी हवं."

"जोडीला... हवंच," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन बादली उचलायला खाली वाकला. त्याचे कान लाल झालेले ठमीने पाहिले. डोळे तपासणं हे तिचं कामच होतं, त्यामुळे तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

गाडी मुळात आईची. आई चालवायची आणि बाबा शेजारी बसायचे, मांडीवर पाण्याचा पांढरा कॅन घेऊन. गाडी तापली की बाबा उतरायचे, पाणी ओतायचे, आई मजेत शीळ घालायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. आता गाडी ठमी चालवे, कॅन बाबाच धरत, पण रस्त्याच्या कडेला वाफ निघाली की ते तोंड फिरवून उभे राहत. शेवटी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना ते जवळजवळ हो म्हणून बसले. त्यांच्या हॉलमध्ये ती गुळगुळीत फरशीवर उभी राहील, बाबा म्हणाले, तिथे निदान तापणार तरी नाही. ठमी हट्टाला पेटली. खूप वाद झाला आणि एवढ्यावर मिटला: येत्या रविवारी घाट चढून आत्याकडे जायचं. गाडी मध्ये कुठेही न थांबता वर पोचली तर राहील. थांबली, तर सोमवारी ते गृहस्थ येऊन घेऊन जातील.

हे सगळं तिने पंखेवाल्याला सांगितलं. त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं की त्याचा हात घरातल्या पंख्यांवर बसलेला आहे, गाडीचं काम त्याने कधी केलेलं नाही. ठमी म्हणाली, वाऱ्याला कुठे घर आणि गाडी यातला फरक कळतोय.

मग चार संध्याकाळी तो गॅरेजमध्ये येत राहिला. जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे वीतभर जागा होती. तिथे पट्ट्या कापून, भोकं पाडून दोन काळे पंखे शेजारीशेजारी बसवायचे होते. गॅरेजला ऑइलचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास यायचा. ठमी टॉर्च धरायची आणि सूचना करायची. पंखा किंचित वर, किंचित खाली करत ती आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या सवयीने विचारायची, "कसं बरं दिसतं? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"नीट बघून सांगा."

"बघतोय की..." असं म्हणताना तो पंख्याकडे बघत नसे. बाबा दारातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत, आणि बराच वेळ त्यांचं पान उलटत नसे.

चौथ्या संध्याकाळी वायरी जोडल्या, डॅशबोर्डखाली एक बटण बसवलं. ठमीने ते दाबलं आणि दोन्ही पंखे एकदम घूं घूं करू लागले. ती इतकी खूश झाली की काळ्या हातांनीच तिने त्याला टाळी दिली. तो घरी गेला तेव्हा तळहातावर ऑइल होतं आणि ते त्याने धुतलं नाही, असं पुढे त्यानेच सांगितलं.

शनिवारी सकाळी बाजाराच्या रस्त्यावर चाचणी झाली. गाडी पहिल्यापेक्षाही लवकर उकळली.

ठमी फार बोलली. ज्याला येत नाही त्याने हात घालू नये, रविवार काय परत येणार आहे का, असं बरंच काही. तो पायीच दुकानाकडे निघून गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर तिला रडू आलं. ते गाडीसाठी होतं की आणखी कशासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

पण हात टेकणाऱ्यांपैकी ती नव्हती. गाडी निवाल्यावर ती घरी घेऊन आली, बॉनेट उघडलं, बाबांना बटण दाबायला सांगितलं आणि पंख्यांसमोर उकिडवी बसली. दोन्ही फिरत होते, दोन्हींचा आवाज सारखा. तिने खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं आणि डाव्या पंख्यापुढे जाळीला धरलं. फडकं आत ओढलं जाऊन जाळीला चिकटलं. उजव्या पंख्यापुढे धरलं. फडकं उडून तिच्या तोंडावर आलं.

ती बघतच राहिली. डावा हवा आत घेत होता, उजवा तीच तापलेली हवा बाहेर फेकत होता, आणि डावा ती पुन्हा आत ओढत होता. दोघेही जीव तोडून काम करत होते, फक्त एकमेकांच्या विरुद्ध.

फडकं हातात घेऊन ती थेट त्याच्या दुकानात गेली. तिचं ऐकताऐकता त्याचा चेहरा पडला आणि त्याने कपाळावर हात मारला. घरच्या विजेवर पंख्याच्या दोन तारा उलटसुलट लागल्या तरी पंखा फिरायचा त्याच बाजूला फिरतो. कुठली तार कुठे, हे बघायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. बॅटरीवर मात्र तारा उलटल्या की पंखा उलटा फिरतो. हे त्याला ठाऊक होतं.

"ठाऊक होतं तर डावा बरोबर आणि उजवा चूक, असं कसं?" ठमीने विचारलं.

तो काउंटरवरच्या पात्याशी चाळा करत राहिला.

"डावा जोडताना तुम्ही चहा करायला आत गेला होतात. दोनदा तपासून जोडला. उजवा जोडताना... तुम्ही टॉर्च घेऊन समोर बसला होतात."

"मग उजेड जास्तच होता की."

"तोच तर घोटाळा झाला."

ठमीने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. सकाळी वाईट बोलले, ती म्हणाली, आणि तारा बदलायला किती वेळ लागतो ते विचारलं. पाच मिनिटं, तो म्हणाला. प्रत्यक्षात त्या कामाला संध्याकाळ लागली.

रविवारी घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक लाकडांनी भरलेला ट्रक पुढे आला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. ओलांडायला जागा नव्हती. काटा चढला. बाबांनी कॅनचं झाकण घट्ट धरलं. ठमीने बटण दाबलं, दोन्ही पंखे घूं करून उठले, पण काटा आणखी चढला... लाल रेघेपासून केसभर अंतरावर थांबला. वळणामागून वळण गेलं. ठमीच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण तिने गाडी थांबू दिली नाही. चौथ्या, पाचव्या वळणाला काटा तिथेच होता. सहाव्याला बाबा म्हणाले, "उतरतोय गं." आणि मग ते बारीक आवाजात, बेसूर, आईसारखी शीळ घालायला लागले.

आत्याच्या अंगणात गाडी बंद केली तेव्हा कॅन तोंडापर्यंत भरलेला होता. बाबा बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. उद्या त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवतो, एवढंच ते म्हणाले.

दहा मिनिटांनी एक स्कूटर धापा टाकत वर आली. पंखेवाला दोन-सीटरमध्ये मावत नव्हता म्हणून मागून आला होता. पाठीमागे दोरीने टेबलफॅन बांधलेला.

"हा घाटात कुठे लावणार होतास?" बाबांनी विचारलं.

"तेवढा विचार केला नव्हता, काका."

बाबांनी एकदा टेबलफॅनकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग आपला गुडघा दुखतो, आपण दोन दिवस बहिणीकडेच राहणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि कॅन त्याच्या हातात दिला.

"शेजारी बसणाऱ्याने हा मांडीवर धरायचा असतो. मी बावीस वर्षं धरला. सांडू नकोस."

"पण माझी स्कूटर..."

"राहू दे इथेच. न्यायला परत यावं लागेल, तर दोघं या."

तो कॅन सांभाळत सीटवर बसला, अवघडून, गुडघे छातीशी घेऊन. ठमीने किल्ली फिरवली, पण गाडी हलवली नाही.

"खाली जायचे दोन रस्ते आहेत. पहिला सरळ, अर्ध्या तासाचा. दुसरा तलावावरून, लांबचा. कुठला बरा? पहिला की दुसरा?"

"दुसरा."

"नीट बघून सांग."

'सांगा' नव्हे, 'सांग'. दोघांनाही ते ऐकू आलं. त्याने कॅन छातीशी धरला आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडे बघूनच सांगतोय," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. त्या दिवशी मनगट धरलंस तेव्हापासून."

तिने गिअर टाकला, फाटकाबाहेर गाडी काढली आणि तलावाच्या रस्त्याला वळवली. मग एक हात स्टिअरिंगवरून काढून तिने त्याचं मनगट पुन्हा धरलं.