उघाडीची फळी

"आजी, तुमची नात पोलीस ठाण्यात आहे. खाडीच्या पुलावर कठड्याबाहेर उभी होती. म्हणते, मी खून केलाय."

फोन कानाला धरूनच गोदू खाली बसली. अख्ख्या पनवेलात तिला असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बाजारात ती भल्याभल्यांना उभ्या उभ्या सोलायची. पण खून? मनस्वीनं? झुरळ मारायला काकाला हाक मारणारी पोर ती!

ठाण्यात मनस्वी बाकावर अंग चोरून बसली होती, खाडीवरच्या वाऱ्यानं गारठलेली. खारघरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी वीस वर्षांची मुलगी, पण नजर हरवलेल्या लेकरासारखी. गोदूचा धाकटा मुलगा दीपेश आधीच पोचला होता, पुतणीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

इन्स्पेक्टर अरुंधती म्हणाल्या, "चौदा वर्षांपूर्वी, गणपतीत, तुमच्या मुलीची मुलगी बुडाली. स्नेहल. तेव्हा अपघात म्हणून नोंद झाली. ही म्हणते, मीच ढकललं."

"आनि तुमी मानलंत?"

"सहा वर्षांच्या पोरीला कायदा हात लावत नाही, आजी. पण ही स्वतःला सोडणार नाही. आज वाचली. उद्या? आणि संमोहनात आठवलंय हिला. मेंदूत सगळं रेकॉर्ड असतं, कॅमेऱ्यासारखं."

"तसं नसतं," मनस्वी पुटपुटली. "आठवण दरवेळी नव्यानं रचली जाते. परीक्षेत लिहिलंय मी. पण आजी, मला दिसतं गं! डोळे मिटायची भीती वाटते."

"संमोहनवाल्याकडं कुनी नेलं?"

"मी नेलं, आये," दीपेश म्हणाला. "झोपत नव्हती पोरगी."

गोदूनं खुर्ची ओढली. "काय दिसतं? एकेक सांग."

"उघाडी."

अरुंधतींनी भुवई उचलली.

"मिठागराच्या बांधातलं दार, मॅडम. फळी काढली का आतलं पानी खाडीला सुटतं. म्होरं बोल, बाय."

"मी आणि स्नेहल. मागे मिठाचे ढीग, पांढरेशुभ्र. मी पाठमोरी, लाल फ्रॉक घातलेली."

"सवताची पाठ सवताला दिसते काय गं?"

मनस्वी गोंधळली. "दिसते ना."

"असला फोटो हाय कुनाकडं?"

"काकांच्या मोबाइलवर. आठवायला मदत म्हणून रोज दाखवायचे."

"आनि?"

"फळी. काढून बांधावर टाकलेली. पाणी धडधडतंय."

"ही फळी तुला आपसूक दिसली, का कुनी इचारलं?"

"काकाच म्हणाले, आठव, फळी बांधावर पडली होती ना? आधी नव्हती दिसत. मग दिसायला लागली."

उत्तर गोदूसमोर येऊन उभं होतं आणि तिला ते नको होतं. एक शब्द न बोलता घरी निघून जावं, असं वाटलं. मग नातीचे निळे पडलेले ओठ दिसले.

"दीपेश, त्या दिसाला तू कुठं होतास?"

"कितीदा सांगू? कळंबोलीला, लोखंड बाजारात. आलो तेव्हा सगळं संपलं होतं."

"मंग फळीचं कुनी सांगितलं तुला?"

"सगळ्या गावानं पाहिली की."

"कुनी नाय पायली."

दीपेशचा हात पुतणीच्या पाठीवरून खाली आला.

"मॅडम, आयका," गोदू म्हणाली. "माजा जल्म मिठागरात गेला. मीठ पिकतं उन्हाळ्यात. भादव्यात तिथं गुडघाभर पानी, ढीग कुठले? म्हंजे पोरीला दिसतो तो उन्हाळ्यातला फोटो. आठवन म्हंजे कालवन, मॅडम. जितक्यांदा तापवाल, तितक्यांदा कोनतरी आपलं पानी वततो. ह्यानं रोज वतलं."

"आणि फळी?"

"ती खरी हाय. स्नेहलला शोधत बांधावर पैली मी पोचले. फळी भायेर, भरती चढत होती. खारं पानी आत घ्यायचं नाय, ही आमची हाताची सवय. दातओठ खाऊन उचलली आनि खाचेत बसवली. लोक आले तवा उघाडी बंद. मंग पोर गावली. मढं समोर असताना फळीचं कोन बोलतं? ती भायेर होती हे दोघांनाच म्हाईत. मला, आनि जेनं काढली त्याला. सा वर्साच्या पोरीला ती हालवताबी येनार नाय."

"पण हा कशाला काढेल?"

"घरात गनपती, मॅडम. मासळी बंद. ह्याला मासळीबिगर घास उतरत नाय. ओहोटीला फळी काढून जाळं लावलंस ना रं? आनि पोर मामाच्या मागं आली."

दीपेश भिंतीला टेकला. "मागे आलेली मला कळलंच नाही, आये. पाण्यानं ओढली. देव घरात असताना मासे धरले, हे कुठल्या तोंडानं सांगू? फळी तशीच टाकून, जाळं उचलून पळालो."

"आनि आता?"

"ही कॉलेजच्या कामासाठी प्रत्येकाला विचारत सुटली, त्या दिवशी कोण कुठे होतं. हिनं मला जाळं घेऊन घरातून निघताना पाहिलं होतं. तिला आठवलं असतं तर?"

"म्हनून तुजं पाप तिच्या डोक्यात घातलंस. पोर पुलावर गेली, मेल्या!"

"आये, मी तुझ्या पोटचा आहे."

"आनि त्या दोघी काय वाटंवर गावल्या?"

हवालदारानं दीपेशला आत नेलं. मनस्वीनं आजीचा पदर मुठीत धरला. "आजी, खोटं आहे हे कळलं. तरी दिसतंय."

"दिसू दे. ढीग दिसले का समज, ते तुजं नाय."

मग गोदूनं घटकाभर डोळे मिटले. बांधावर दीपेश उभा होता, हातात जाळं, मागून स्नेहल धावत येत होती. सगळं लख्ख. गोदूनं दचकून डोळे उघडले. हे तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं.