आत्याच्या अंगात आलं तेव्हा

कुलूप आत्याच्या घराचं होतं, पण दगड त्याच्या बांधावरचा. हे मला कळलं तेव्हा तो दगड माझ्या डोक्याच्या वर होता.

"हाणा, हाणा," मागून कुणीतरी म्हणालं. "कुलूप नाही फुटलं तर दगड तरी फुटेल."

मी वळून पाहिलं. दोन्ही हातांत काजूची कलमं, गुडघ्यापर्यंत माती, आणि हसू दाबायचा अजिबात प्रयत्न न करणारा चेहरा.

"किल्ली फिरत नाहीये," मी म्हणाले. "तुमच्याकडे काही उपाय आहे?"

"आहे. पण मागितल्याशिवाय देत नाही."

"मग मागितला."

त्याने कलमं खाली ठेवली, रस्त्यावरच्या आपल्या पिकअपचं बॉनेट उघडलं, ऑइल तपासायची कांडी ओढून काढली आणि तिच्या टोकाचे दोन थेंब कुलपात सोडले. थोडा वेळ गेला. मग किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली.

मी विमा कंपनीत क्लेम तपासते. लोकांच्या गोष्टी ऐकायच्या आणि कुठे पाणी घातलंय ते शोधायचं, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे न बोलावता मदतीला येणाऱ्या देखण्या पुरुषाकडे मी जरा जास्तच बारकाईने बघते. नाव गुरुप्रसाद. चिपळूणच्या रस्त्याला कलमांची रोपवाटिका. लग्न व्हायचंय — ही चौकशी मी नाही केली, आत्याने केली, बॅग खाली ठेवायच्या आत. सगळं ठीक जुळत होतं. संशयाला जागा एकच... कुलूप उघडून झालं तरी माणूस जात नव्हता.

विमलाआत्याचं सासरचं हे घर वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीला आणि शिमग्याला. काका गेले, मुलगा जहाजावर. पालखी दारात येणार आणि दार बंद, हे आत्याला खपत नाही. म्हणून होळीला जोडून आलेली माझी सुट्टी तिने परस्पर ताब्यात घेतली होती. शनिवारी पालखी, रविवारी हर्णेला समुद्र, आणि रात्रीच्या गाडीने डोंबिवली.

संध्याकाळी तो परत आला. हातात दुधाची किटली.

"काकूंसाठी."

"काकूंनी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं. पण काकूंकडे पाहुणी आलीये. पाहुणीला कोरा चहा दिला तर गावाची अब्रू जाते."

"गावाची?"

"बरं... वाडीची."

मी चहा केला. तो पायरीवर बसला, मी उंबऱ्यावर. आंब्याच्या मोहोराचा वास इतका दाट होता की चहालाही लागला असावा. उद्या आपण भोई आहोत, पालखी आपल्या खांद्यावर असणार, असं त्याने सांगितलं. सांगताना ताठ बसला.

"एकदा खांद्यावर घेतली की देवी नेईल तिकडे जायचं. खांदा सोडायचा नाही."

"आणि तिने भलतीकडेच नेलं तर?"

"गेल्या वर्षी विहिरीकडे निघाली होती."

"मग?"

"मग काय... काठावर गेल्यावर तिचा विचार बदलला." त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा हर्णेला मी घेऊन जाऊ? संध्याकाळी मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो."

"आत्या येणार बरोबर."

"येऊ देत. पिकअपमध्ये पुढे तिघं मावतात." जरा थांबून — "घट्ट बसावं लागतं, एवढंच."

या वाक्यात पाणी घातलेलं नव्हतं. मला झोप मात्र उशिरा लागली.

शनिवारी पालखी दहाला येणार होती. आत्याने सकाळीच ठणकावलं, देवीची ओटी भरल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही.

"आणि तुझी डायबिटीसची गोळी?"

"ती घेतली की, ज्ञानू. गोळी म्हणजे काय जेवण आहे? गोळीने उपास मोडत नाही."

पालखी दहाला येणार म्हटल्यावर मलाही ते पटलं. दिवसभर लोकांच्या चुका शोधणारी मी, आणि समोर ठेवलेली चूक मला दिसली नाही. भोयांसाठी घागरभर कोकम सरबत करण्यातच मी गर्क होते.

पालखी आली ती दुपार कलताना. आधी ढोल ऐकू आले, मग गुलाल दिसला आणि मग ती, चौघांच्या खांद्यांवर होडीसारखी डुलत. पुढच्या दांड्याला गुरुप्रसाद होता. नखशिखांत गुलाबी, दात तेवढे पांढरे. नाचता नाचता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि देवीही त्याच दिशेला जराशी कलली. मी देवीलाच नमस्कार केला असं समजून चालू.

आत्या ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. डोलायला लागली. ताट हातातून सुटलं, नारळ गडगडत गेला, अंबाडा सुटला, ओठ काहीतरी पुटपुटायला लागले.

"अंगात आलं! विमलाच्या अंगात आलं!"

बायांनी पदर डोक्यावर घेतले. ढोल थांबले. गावचे मानकरी, गावकार बाळाकाका हात जोडून पुढे आले. "आये, काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे. काय बोलायचं हाय?"

आत्याचे डोळे कुठेच बघत नव्हते. तिचा हात हवेत चाचपडला आणि पुढच्या भोयाच्या मनगटावर बसला.

"हा... जावई," ती म्हणाली. "माझ्या ज्ञानूचा... जावई माझा."

"ऐकलात?" बाळाकाका गर्जले. "देवीचा शब्द झाला!"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं आणि मी लाजले. आत्या तशी उभी असताना मी लाजत होते! मग तिच्या हनुवटीवरून टपटप पडणारा घाम दिसला. मी हात धरला. भर उन्हात तो थंडगार आणि ओला होता.

"हे अंगात येणं नाही!" मी ओरडले. "तिला साखर आहे! गोळी घेऊन सकाळपासून उपाशी आहे ती!"

"पोरी, मध्ये पडू नको," एका म्हातारीने मला मागे ओढलं. "देवी बोलताय."

"देवी नाही बोलत! आत्या चाललीये माझी!"

कुणी हललं नाही. मी गुरुप्रसादकडे पाहिलं. दांडा त्याच्या खांद्यावर, आत्याची बोटं त्याच्या मनगटावर.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

"विनोद, खांदा घे."

गर्दीतून एक सुस्कारा उठला. देवी दारात असताना भोयाने खांदा सोडला होता. त्याने आत्याला उचललं आणि गाडीकडे धावला. मी सरबताचा तांब्या भरून त्याच्यामागे.

मध्ये आत्या, दाराशी मी, मागे वळणावळणाला माना हलवणारी काजूची कलमं. मी तिला घोट घोट सरबत पाजत होते. अर्धं माझ्या कुर्त्यावर, अर्धं तिच्या पोटात.

"बोलत राहा त्यांच्याशी," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "झोपू देऊ नका."

"आत्या! ऐकतेस ना? तुझ्या कपाटातल्या सगळ्या साड्या मी घेणार आहे."

"नारायणपेठ... नाही," आत्या पुटपुटली.

आम्ही दोघंही हसलो. भीतीने हसतात तसं. मग मी पैठणी मागितली. ती काही बोलली नाही. मी पुन्हा मागितली. तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि चिपळूणचा दवाखाना येईपर्यंत मी नुसती तिच्या छातीचं वरखाली होणं बघत राहिले. गुरुप्रसादने एकदाही 'काही होणार नाही' म्हटलं नाही. नुसता हॉर्नवर हात ठेवून गाडी हाकत राहिला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. सलाईन लावता लावता म्हणाल्या, "गोळी घेऊन उपास ना? दर शिमग्याला एक तरी येतंच. सरबत पाजलंत ते बरं केलंत."

शिरेतून साखर गेली आणि आत्याच्या गालांवर रंग यायला लागला, डोंगराआडून ऊन यावं तसा. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं, आणि जरबेने विचारलं, "ओटी भरली का?"

मी बाहेर पळाले आणि पाण्याच्या कूलरला टेकून रडले. खूप मोकळं, छान रडले. कुणीतरी रुमाल पुढे केला, मी डोळे पुसले, गाल पुसले. समोरून जाणारी नर्स दचकून थांबली.

"पेशंट आत आहे ना? मग ह्यांना काय झालं?"

रुमाल गुलालाने भरलेला होता.

"सॉरी," गुरुप्रसाद म्हणाला. सॉरी वाटल्याचं एकही चिन्ह त्याच्या तोंडावर नव्हतं.

उद्या सकाळी सोडतील, मग थेट डोंबिवलीला नेऊन तिच्या डॉक्टरांना दाखवायचं, असं मी त्याला सांगितलं. हर्णे राहिलं.

"समुद्र कुठे जात नाही," तो म्हणाला. "काकू वाचल्या, ते मोठं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाळाकाकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "विमला शुद्धीवर आली? वाचलो बाबा! आता सांग, देवीच्या शब्दाचं काय करायचं? पोरीच्या बापाशी बोलायला कोण जाईल?"

मला एकदम चीड आली. "मला देवीच्या वशिल्याने नवरा नकोय," मी म्हणाले, फोनपर्यंत पोचेल अशा आवाजात.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेला.

"बाळाकाका, देवी काही बोलली नाही. काकूंची साखर उतरली होती, त्यात त्या बरळल्या. लग्नाचं कुणी कुठे बोलायचं नाही. मी परत आलो की देवळात सगळ्यांसमोर सांगेन... खांदा सोडल्याचं जे काय असेल तेही तेव्हाच बोलू."

फोन बंद झाला. मला अगदी हवं होतं तेच घडलं होतं. तरी मी रुमालाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"बरं झालं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "आता मध्ये देवी नाही, गाव नाही... आता मी विचारू?"

"काय?"

"तेच. माझ्या तोंडाने." त्याचा आवाज पहिल्यांदाच डळमळला. "दोन दिवसांत विचारू नये, कळतं मला. पण उद्या तुम्ही जाणार. आणि काल ते कुलूप उघडल्यापासून..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. कानांच्या पाळ्या गुलालाखालून लाल झाल्या होत्या.

"विचारा," मी म्हणाले. "पण आधी तोंड धुवून या. हो म्हणायचं तर समोर कोण आहे ते दिसायला नको?"

तो बेसिनपर्यंत गेला, नळ सोडला आणि तसाच गर्रकन वळला.

"हो म्हणायचं तर?"

"आधी तोंड," मी म्हणाले.

आतून आत्याने हाक मारली, "ज्ञानू, अगं भूक लागलीये मला!" आणि इतकं सुंदर वाक्य मी त्या सुट्टीत दुसरं ऐकलं नव्हतं. तसं, एक सोडून.